चार दिवसांचा खाडा

मुरुडच्या पेठेत आमचं घर दुकानाच्या पाठीमागं होतं. पुढं अप्पांचं डाळी-तेलबियांचं दुकान, मधे एक जाड पडदा, आणि पडद्यामागं आम्ही. त्यामुळं घरात शांतता म्हणजे काय ते मला फार उशिरा कळलं. दिवसभर तराजूच्या पारड्यात लोखंडी वजनं पडायची, ठण्ण. पोती ओढल्याचा खरखराट यायचा, गिऱ्हाइकाची घासाघीस यायची, आणि पडद्याच्या अलीकडं अव्वाच्या, म्हणजे आईच्या, भाकरी थापण्याचा आवाज त्या सगळ्याला ताल धरून चाललेला असायचा. मी त्याच आवाजात अभ्यास केला आणि तापात पडले तेव्हा त्याच आवाजात पडून राहिले. मात्र दिवसा झोपायची मुभा तापाशिवाय नव्हती. पोरीबाळींनी उजेडात आडवं होणं अव्वाला खपायचं नाही. "सूर्य जागा हाय तवर आपुन जागं," एवढंच तिचं म्हणणं, आणि त्यावर वाद नाही.

आम्ही महादेवाला मानणारी माणसं. गळ्यात लिंग, सोमवारी उपास, घरात अंड्याचं नाव काढायचं नाही. अशा घरातली मुलगी कुस्तीत गेली ती दगडू वस्तादांमुळं. त्यांची तालीम पेठेच्या टोकाला, आणि अप्पांशी त्यांची जुनी दोस्ती. त्यांनी आपल्या मुलीला, संगीताला, लंगोट दिला, मातीत उतरवलं, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की पोरीला जोड नाही. भिंतीशी काय कुस्ती खेळणार? एक दिवस ते दुकानात बसले असताना मी शेंगदाण्याचं अर्धं पोतं पाठीवर घेऊन आत आले. वस्ताद चहा खाली ठेवून अप्पांना म्हणाले, "वाणी, ही पोरगी मला द्या." अप्पा आठ दिवस घुटमळले आणि हो म्हणाले. म्हणजे मी तालमीत गेले ती संगीताची जोड म्हणून. हे माझ्या मनात कुसळासारखं रुतून बसलं होतं, ते आज कबूल करते.

पाच वर्षांनी मी एकोणीस वर्षांची होते, लातूरला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते, आणि संगीता व मी एकाच वजनात होतो. जिल्ह्यातून एका वजनाला राज्य स्पर्धेसाठी एकच मुलगी जाणार होती. निवड चाचणी लातूरला, मॅटवर. त्यातच अप्पांनी एक अट घातली. उदगीरहून माझ्यासाठी स्थळ आलं होतं, माणसं चांगली होती, आडत होती. अप्पा मला समोर बसवून म्हणाले, "नंदा, मी काय तुझा दुश्मन न्हाई. औंदा राज्याला गेलीस तर खेळ, मी उदगीरवाल्यांना न्हाई म्हणतो. न्हाई गेलीस तर ते बघायला येतील. बोल, कबूल?" मी कबूल म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

आता संगीता माझ्यापेक्षा सरस होती, हे मला माहीत होतं. तिचा पट, म्हणजे पाय ओढायचा डाव, इतका झटकन यायचा की पाय गेल्यावर कळायचं. तिच्या बापाच्या रक्तात ते होतं, माझ्या बापाच्या रक्तात हरभऱ्याची डाळ. मग मी विचार केला, डावात नाही तर ताकदीत तरी हिच्या पुढं जायचं. कॉलेजपासून थोड्या अंतरावर, डाळ मिलच्या मागच्या गल्लीत एक जिम होती. दुपारी एक ते तीन फक्त बायकांसाठी. तिथले सर एके काळचे वेटलिफ्टर, खांद्यांत मान बुडालेला माणूस, खेळाडू मुलींकडून फी घेत नसत. त्यांनी मला पहिल्याच दिवशी विचारलं, "आणखी कुठं व्यायाम करतेस का?" मी म्हणाले, "नाही सर." कारण मला भीती वाटली की हो म्हटलं तर ते मला थोडंच करायला लावतील. वस्तादांना तर सांगायची सोयच नव्हती. लोखंडावर त्यांचा राग होता. "लोखंडानं अंग ताठतं, माती अंग वळवती," असं ते म्हणायचे. इकडं सर म्हणायचे, "मातीनं दम येतो, ताकद आणायची तर लोखंडच." दोघंही आपापल्या जागी खरे होते. मी दोघांचंही पूर्ण ऐकलं, आणि दोघांनाही अर्धंच सांगितलं. घरी काय सांगायचं हा प्रश्नच नव्हता. लातूरला शिकणाऱ्या पोरीनं "ज्यादा तास हायत" म्हटलं की आख्खा जिल्हा मान डोलावतो.

माझा दिवस असा होता. पहाटे साडेचारला उठायचं, बार्शीच्या रस्त्यानं पळून यायचं, मग तालमीत जोर, बैठका आणि दोरावर चढणं. साडेआठची एसटी. कॉलेज. एक ते तीन लोखंड. डब्यातल्या दोन भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी परतीच्या एसटीत उभ्या-उभ्या खायची, कारण जिमच्या आधी खाल्लं तर मळमळायचं. साडेपाचला पुन्हा तालीम, आता संगीताशी लढत. सात वाजता घर, अव्वाच्या हाताखाली भांडी, दळण, निवडण. सोमवारी हेच सगळं उपाशीपोटी, शाबू आणि दुधावर. आज नांदेडला माझ्याकडं कुस्ती शिकणाऱ्या मुलींनी असा दिवस आखून दाखवला तर मी तो कागद फाडून त्यांच्या हातात देईन. तेव्हा मात्र मला स्वतःचा फार अभिमान वाटायचा. जिममधल्या सळईला चकत्या लावल्या की जो ठण्ण आवाज यायचा तो ऐकून मला आमचं दुकान आठवायचं, आणि वाटायचं, हे लोखंड तर आपल्या घरचंच आहे.

पहिले दोन महिने झकास गेले. संगीताला मी एकदा कमरेतून उचलून आपटलं. वस्तादांनी भुवया वर केल्या आणि माझ्या पाठीवर माती टाकली, हे त्यांचं शाबासकी देणं. मग हळूहळू काहीतरी फिरलं. थकून पडायचे पण झोप यायची नाही, उशीवर कान टेकला की छातीची धडधड ऐकू यायची. कोपराला लागलेलं महिनाभर निळंच राहिलं. भांडं घासताना हात थरथरायचे आणि अव्वा काही बोलली की मी तिच्यावर खेकसायचे. संगीता मला पुन्हा पाडायला लागली, आधीपेक्षा सोपं. यावर मला सुचलेला उपाय एकच होता. सरांना सांगून मी सळईवर आणखी वजन चढवलं.

आणि त्याच काळात माझी पाळी बंद झाली.

इथं तालमीतला एक नियम सांगायला हवा. मारुतीच्या तालमीत पोरी उतरतात हेच गावातल्या चार जणांना जड जात होतं, म्हणून वस्तादांच्या बायकोनं, मंगलकाकूंनी, स्वतःच एक रेघ आखली होती. महिन्यातले ते चार दिवस मुलींनी मातीत पाय ठेवायचा नाही. आमच्या घरात असलं काही पाळत नसत. आम्ही विटाळ मानत नाही, अव्वा त्या दिवसांतही लिंगपूजा करायची. पण तालमीत काकूंचा शब्द म्हणजे शब्द. त्यामुळं संगीता महिन्याला चार दिवस घरी बसायची, मीही बसायचे, आणि दोघीही चरफडायचो. माझी पाळी थांबली तेव्हा मी घाबरायला हवं होतं. मी खूश झाले. खरंच खूश झाले. मला वाटलं, देव पावला. संगीता महिन्याला चार दिवस बसते, मी एकही नाही. चाचणीपर्यंत मला तिच्यापेक्षा किती दिवस जास्त मिळणार याचा हिशोब मी एसटीत बोटांवर करायचे. चार दिवस घरी बसून आलेली संगीता पाचव्या दिवशी नेहमीपेक्षा जड लागते, तिचा पट नेहमीपेक्षा वेगानं येतो, हे मला दिसत होतं. पण दिसणं आणि उमगणं यात किती अंतर असतं! त्या बंदीची बाजू मी आजही घेत नाही. देवाला बाईच्या अंगाचं वावडं असतं असं मी कधी मानलं नाही. पण त्या वेड्या नियमानं संगीताला जे मिळत होतं ते मी आनंदानं फेकून देत होते, हेही तितकंच खरं.

चाचणीला तेरा दिवस उरले असतानाचा सोमवार. अव्वा महादेवाच्या देवळात गेली होती, तिथं तिला मंगलकाकू भेटल्या. काकू मनानं सरळ. त्यांनी कौतुकच केलं. "अक्का, तुमच्या नंदासारखी पोरगी बघितली न्हाई. चार महिने झाले, एक दिवस खाडा न्हाई. आमची संगी बसती मधी मधी, ही एक दिवस सुदिक बसली न्हाई." हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मला एवढंच दिसलं की अव्वा देवळातून आली, सरळ मागच्या खोलीत गेली, खुंटीवरची कापडी पिशवी तिनं काढली. जुन्या लुगड्याचे तुकडे ती माझ्यासाठी त्या पिशवीत घडी घालून ठेवायची. पिशवी तिनं उघडली, आत हात घातला, घड्या होत्या तशाच होत्या. तिनं पिशवी पुन्हा टांगली आणि चुलीपुढं बसली.

त्या संध्याकाळी भाकरीचा आवाज बदलला होता. एक थाप, मग थांबणं, मग दुसरी थाप. अप्पांनी पडद्यापलीकडून विचारलंसुद्धा, "काय गं, पीठ बिघडलं का?" तिनं भाकरी तव्यावर टाकली. माझ्याकडं न बघता म्हणाली, "तुझं पोट दुखतंय का?"

"न्हाई. का?"

"कवा दुखलं व्हतं?"

मला वाटलं उपासाचं विचारतेय. मी म्हणाले, "इतक्यात तर कवा दुखलं न्हाई." तव्यावरची भाकरी जळली. अव्वाच्या हातून भाकरी जळलेली मी त्याआधी पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती चांगलं पातळ नेसून माझ्याआधी दारात उभी. अप्पांना म्हणाली, "दाढ ठणकायली, लातूरला दाखवून येते." एसटीत आम्हाला मागची दोघींची जागा मिळाली. अव्वानं माझं मनगट धरलं आणि सोडलंच नाही. गाडी गावाबाहेर पडली, कंडक्टर पुढं गेला, तेव्हा ती खिडकीकडं तोंड करून हळूच म्हणाली, "कोण हाय?"

"कोण कोण हाय?"

"नंदा, मी तुझी अव्वा हाय. तुझ्या अप्पाला मी बघून घीन. मला खरं सांग. कोण हाय तो?"

मला उमगायला दोन थांबे जावे लागले. मग असं झालं की अंगातलं सगळं रक्त कानात आलं. मी म्हणाले, "अव्वा, आसलं काय न्हाई." ती म्हणाली, "मग दुपारी कुठं आसतीस? सावित्रीची पोरगी तुझ्याच वर्गात हाय. मी काल तिला इचारलं. ज्यादा तास न्हाईतच म्हणाली." मी सांगितलं, जिमला जाते, लोखंड उचलते. ते वाक्य माझं मलाच खोटं वाटलं. एक खोटं पकडलं गेलं की मग खऱ्यालाही कुणी जामीन राहत नाही. आजूबाजूला ओळखीची माणसं, बाजाराच्या पिशव्या, कुणाचं तरी कोंबडं. ओरडता येईना, रडता येईना. मनगटावरचा तिचा हात घामानं ओला झाला होता. मी भीतीनं गप्प झाले आणि रागानंही. या बाईनं मला वाढवलं, आणि हिला असं वाटतं? माझं तोंड बघून तिला काय वाटलं असेल हे मी आज, स्वतः दोन मुलींची आई झाल्यावर, सांगू शकते. तिला त्या गप्प बसण्यात होकार ऐकू आला.

डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात आम्ही दीड तास बाकावर बसलो. अव्वा जप करत होती की नुसतेच ओठ हलत होते, ठाऊक नाही. बाईंनी मला आत घेतलं, तपासलं, लघवी तपासायला दिली, आणि अव्वाला आत बोलावून पहिलं वाक्य तेच सांगितलं. "आजी, तुम्ही घाबरलात तसं काही नाही." अव्वा तेव्हा जेमतेम चाळिशीची होती, पण त्या सकाळी कुणीही तिला आजी म्हटलं असतं. ती खुर्चीत बसलीच नव्हती, आता बसली. मग बाई माझ्याकडं वळल्या. "तू काय करतेस दिवसभर?" मी सांगायला लागले. पळणं, जोर, बैठका, कॉलेज, लोखंड, तालीम, भांडी. आख्खा दिवस मी पहिल्यांदाच कुणाला तरी सलग सांगत होते. सांगता सांगता मलाच दम लागला.

"आणि विश्रांती?" बाईंनी विचारलं.

"म्हणजे?"

"म्हणजे काही न करणं."

मी अव्वाकडं बघितलं. आमच्या घरात त्या गोष्टीला नाव नव्हतं. बाई हसल्या नाहीत. अव्वाला कळावं म्हणून त्या तिच्याकडं बघून बोलल्या. "चुलीत जळण कमी पडलं की तुम्ही काय करता? आधी अंघोळीच्या पाण्याचा हंडा उतरवता, भाकरी उतरवत नाही. हिच्या अंगानं तेच केलंय. जे थांबवलं तरी माणूस जगतं ते आधी थांबवलं. अजून जाळत राहिलात तर भाकरीवर येईल." मग त्यांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या, खाणं वाढवायला सांगितलं, आणि म्हणाल्या, "कुस्ती, जिम, पळणं, सगळं बंद. निदान दोन महिने."

"बाराव्या दिवशी चाचणी आहे," मी म्हणाले.

"मग ती दुसरं कुणी देईल."

दवाखान्याच्या पायरीवर अव्वा थांबली. पदर तोंडाला लावून ती एकदाच हुंदका देऊन रडली, मग डोळे पुसून माझ्याकडं वळली, आणि आता ती चांगलीच चिडलेली होती. "चल. मला ते लोखंड दाव."

जिममध्ये तेव्हा दोन बायका होत्या. डाळ मिलच्या टरफलांचा वास त्या गल्लीत कायम असायचा, त्यात लोखंडाचा आणि घामाचा. अव्वा दारात चपला काढून देवळात शिरावं तशी आत आली. सरांनी सगळं ऐकलं. त्यांचा चेहरा पडला. "ताई, मी हिला पहिल्याच दिवशी विचारलं होतं. मला नाही म्हणाली. दोन वेळा तालीम करून ही माझ्याकडं येते हे कळलं असतं तर मी आठवड्यातून दोनच दिवस बोलावलं असतं. आणि चाचणीच्या तोंडावर तर एकही नाही." ते माझ्याकडं बघून म्हणाले, "ताकद इथं येत नाही गं. इथं फक्त मोडतोड होते. ताकद नंतर येते, झोपेत." मला तेव्हा ते बोलणं फुकटचं वाटलं. हल्ली तेच वाक्य मी दिवसातून तीन वेळा मुलींना ऐकवते, आणि त्यांच्या तोंडावर मला माझं तोंड दिसतं.

अव्वानं मात्र मधेच वाकून जमिनीवरची दहा किलोची चकती एका हातानं उचलली, पालथी करून बघितली आणि खाली ठेवली. "एवढ्यासाठी लातूरला येत व्हतीस? आपल्या दुकानात काय कमी हायत का?" सर हसले, त्या बायका हसल्या. मी नाही हसले. मला दोन महिने दिसत होते आणि दोन महिन्यांच्या पलीकडं उदगीरची माणसं दिसत होती.

परतीच्या गाडीत मी तिला म्हणाले, "तू मला सरळ इचारायचं व्हतंस."

"तू मला सरळ सांगायचं व्हतंस," ती म्हणाली. दोघींचंही खरं होतं, त्यामुळं भांडण पुढं सरकेना.

तरीही मी शेवटचा प्रयत्न केलाच. शनिवारी वस्तादांकडं गेले, म्हटलं, चाचणीपुरतं उतरू द्या, एकाच दिवसाचा प्रश्न आहे. शनिवारी तालीम बंद असायची. त्या दिवशी माती खणून तिच्यात ताक, तेल आणि हळद घालायची आणि ती तशीच सोडायची, दुसऱ्या दिवसापर्यंत कुणी तिच्यावर पाय ठेवायचा नाही. वस्ताद मातीच्या काठावर बसले होते, कोपरापर्यंत हळदीनं पिवळे. अव्वा त्यांच्या घरी येऊन सगळं सांगून गेली होती. त्यांनी मला रागावून बोलावं असं मला वाटत होतं, म्हणजे मलाही बोलता आलं असतं. ते म्हणाले, "ही माती किती वर्षांची हाय म्हाईत हाय का? माझ्या बापानं आणून टाकलेली. शेकडो माणसं तिच्यावर आदळली. तिला बी आठ दिवसांतून एक दिवस निजवावं लागतं. न्हाई निजवली तर दगड व्हती. तू काय मातीपेक्षा घट्ट हाईस?" मग हातावरची हळद पुसत म्हणाले, "शनिवारी आमी समदे गप घरी बसायचो आन् तू लोखंड उचलायला जायचीस, व्हय ना?" मी मान हलवली. "मग माती निजवून माझा काय फायदा झाला?" त्यांचा आवाज दुखावलेला होता. पाच वर्षांत पहिल्यांदा मला त्या माणसापुढं लाज वाटली आणि मी तिथंच काठावर बसून ढसाढसा रडले. मंगलकाकू आतून पाणी घेऊन आल्या, पण माझ्याशी त्यांना बोलवेना. आपल्या कौतुकानंच हे सगळं झालं असं त्यांना वाटत होतं. खरं तर त्या बोलल्या नसत्या तर मी आणखी महिनाभर खूश राहिले असते, आणि मग कुठं जाऊन पडले असते कोण जाणे.

चाचणीला मी गेले, पण बघायला. माझ्याबरोबर अव्वा आली. इतक्या वर्षांत ती माझी एकही कुस्ती बघायला आली नव्हती, आणि आली ती मी खेळत नसताना. संगीतानं तिन्ही कुस्त्या मारल्या. अव्वा दर मिनिटाला विचारायची, "आता ती काय करायली?" मी दात आवळून सांगायचे, हा पट, ही पकड, आता ही खाली घेणार. शेवटी तिनं विचारलं, "तुझ्यापेक्षा ती बरी खेळती का?"

"व्हय," मी म्हणाले. ते म्हणताना जीव जळला, पण म्हटल्यावर बरं वाटलं. संगीता घामेजलेली तशीच आमच्यापाशी आली, अव्वाच्या पाया पडली आणि माझ्या कानात म्हणाली, "तू असती तर मला एवढं सोपं गेलं नसतं. लवकर ये, भिंतीसंगं किती खेळू?" कुसळ त्या दिवशी निघालं.

राहिली अट. अप्पा शब्दाचे पक्के होते. संध्याकाळी जेवताना त्यांनी विषय काढला, "मग उदगीरवाल्यांना पुढच्या ऐतवारी बोलावतो." मी ताटाकडं बघत बसले. चुलीपाशी थाप थांबली. अव्वा म्हणाली, "न्हाई बोलवायचं."

"आगं, ठरलंय आमचं. ती कबूल झाली व्हती."

"ती हारली न्हाई. खेळलीच न्हाई. न खेळता कोण कसं हारतं?" मग तिनं पीठ पुन्हा हातात घेतलं. "पोरीचं अंग थकलंय. एक वर्ष तिला दम घिऊ द्या. उदगीरवाल्यांना घाई आसंल तर दुसरीकडं बघू द्या." तोवर तिनं अप्पांचा शब्द असा मोडलेला मी पाहिला नव्हता. का मोडला ते अप्पांना कधी कळलं नाही. दाढदुखीच्या पलीकडचं तिनं त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. मला कळलं. एसटीतल्या त्या प्रश्नाची भरपाई ती करत होती. माफी मागणं आमच्या घरात कुणाला येत नव्हतं. मलाही आलं नाही. ती गेली तोवर त्या दिवसाबद्दल आम्ही दोघी एक शब्द बोललो नाही, याची मला खंत आहे.

पुढच्या वर्षी मी संगीताला हरवलं, त्याच्या पुढच्या वर्षी तिनं मला. त्या कुस्त्या लोकांच्या लक्षात आहेत, माझ्या फारशा नाहीत. हल्ली नवी मुलगी आली की मी तिचं वजन करायच्या आधी तिची पाळी आणि तिची झोप विचारते. काही आया चिडतात, ही बाई नको ते विचारते म्हणतात. चिडू देत.

माझ्या लक्षात आहे तो त्या हुकलेल्या चाचणीनंतरच्या हिवाळ्यातला एक दिवस. दोन महिने होऊन वर काही दिवस गेले होते. सकाळी मी न्हाणीत गेले आणि मला दिसलं. मी तिथंच खाली बसले. मग मागच्या खोलीत जाऊन खुंटीवरची पिशवी काढली. परसात धुणं वाळत घालताना ते फडकं लुगड्याखाली लपवायचं असतं, मी मुद्दाम वर टाकलं, उन्हात. अव्वानं ते बघितलं. आत गेली, गहू काढले, कांडले, आणि गूळ-खोबरं घालून हुग्गी शिजवली, आमच्याकडं सणालाच करतात ती गव्हाची खीर. अप्पा पाटावर बसले, वाटीत बघितलं आणि चक्रावले. "आज कुठला सण हाय गं?"

"कुठला बी न्हाई," अव्वा म्हणाली. "पोरगी चार दिवस घरी हाय."

मी तीन वाट्या खाल्ल्या. भर दुपारी, सूर्य डोक्यावर असताना, डोळे मिटायला लागले, आणि मी भिंतीशी आडवी झाले. अव्वानं माझ्या अंगावर वाकळ टाकली. झोप लागता लागता पडद्यापलीकडं पारड्यात वजन पडलं, ठण्ण, आणि तिचा दबका आवाज आला. "आवो, वजनं जरा हळू ठिवा. पोरगी निजली हाय."